साठी बुद्धी नाठी, म्हणे!

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने कोणी पाडली तो पुरुष असणार आणि त्याची स्वतःची साठी तेव्हा बरीच लांब असणार, असा माझा जुना संशय आहे. गेले वर्षभर मात्र ही म्हण ऐकली की हसू येत नाही, राग येतो. त्या रागाचीच ही हकीकत. विषय अवघड आहे. बायकांच्या ओटीपोटाच्या ऑपरेशनाबद्दल चारचौघांत, तेही एका पुरुषाने, बोलावे का असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पडू द्या. न बोलल्यामुळे काय होते, तेच मला सांगायचे आहे.

माझी सासुरवाड पांढुर्ण्याची. पणजीत हे नाव सांगितले की अर्धे लोक ‘पंढरपूर’ ऐकतात. नागपूरहून सावनेर ओलांडून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की महाराष्ट्र संपतो आणि सौंसर येते. त्याच्या शेजारचा तालुका पांढुर्णा. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्ह्यातली ही मराठी गावे तिकडेच राहिली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, पण कारभाराची भाषा अर्थातच हिंदी. घरात मराठी, कागदावर दुसरेच काही. आम्हा गोव्यातल्या मराठीवाल्यांना ही अवस्था समजावून सांगायला नको.

तर सौंसर तालुक्यातल्या एका गावात माझ्या पत्नीची मावशी राहते. वय बहात्तर. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, पण संत्र्यांच्या बागेचा सगळा हिशेब तिच्या डोक्यात. कोणत्या व्यापाऱ्याने कोणत्या बहाराला किती कॅरेट उचलले, त्यातला किती माल ‘चुरी’ म्हणून नाकारला, किती पैसे अजून यायचे आहेत, हे ती भाकरी थापता थापता सांगायची. मुलगा वही उघडायचा आणि वहीत तेच निघायचे. कपाटाच्या आणि कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला. त्या घरात सत्ता कोणाची, हे पाहुण्याला विचारावे लागत नसे, किल्ल्यांचा आवाज आला की कळे.

या बाईचे अंग बाहेर येत होते. किती वर्षे? वीस तरी. हे आम्हाला कळले ते ऑपरेशन ठरल्यावर. माझ्या पत्नीलाही ठाऊक नव्हते. वीस वर्षे ती लुगड्याच्या चिंधीची घडी लावून, खाली वाकताना एक हात पोटाशी धरून, बागेत हिंडत होती. बोलायचे कोणाशी? शेवटी लघवी अडायला लागली, ताप येऊ लागला, तेव्हा गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी तिला नागपुरातल्या एका खाजगी इस्पितळात नेले. नाव घेत नाही, कारण भांडण एका इस्पितळाशी नाही. खालूनच पिशवी काढली, टाके घातले, लघवीची नळी ठेवली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उत्तम झाले. आणि ते खरेच उत्तम झाले होते, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

तिसऱ्या रात्री मावशीला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. ‘एवढ्या मुंग्या काहून चालून राहिल्या?’ म्हणून ती हाताने झटकत होती. मग नळी ओढून काढायला निघाली. मुलाला म्हणाली, ‘तू कोन? हे माहं घर नाही, मले घरी नेऊन द्या.’ नर्सने कुठलेसे इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी ती गप्प झाली. नुसती गप्प. डोळे उघडे, पण समोर कोण आहे याची दखल नाही. घास भरवला की तोंडात तसाच. वॉर्डात सगळ्यांना बरे वाटले, आजी शांत झाल्या! पाचव्या दिवशी घरी पाठवले. डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते की जखम चांगली, लघवी सुरू, प्रकृती स्थिर.

प्रकृती स्थिर! मी सरकारी खात्यात अप्पर डिव्हिजन क्लार्क आहे. पेन्शनरांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय बिलांच्या फायली वर्षानुवर्षे माझ्या टेबलावरून जातात. अशी कार्डे मी शेकड्यांनी पाहिली असतील. तापमानाचा रकाना, नाडीचा रकाना, रक्तदाब, टाके, नळी कधी काढली, पुढची तारीख. माणूस शुद्धीवर आहे का, याच्यापुढे फार तर एक खूण. पण तो आपल्या लेकाला ओळखतो का, आज वार कोणता हे त्याला सांगता येते का, याचा रकाना मला आजवर एकाही कार्डावर दिसलेला नाही. आणि कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: ज्याला रकाना नाही ते सरकारदरबारी घडलेलेच नसते.

घरी आल्यावर स्पष्टीकरणांचा बाजार भरला. शेजारी म्हणाले, भूल डोक्यात चढली. मुलगा म्हणाला, वय झाले. एक नातेवाईक म्हणाले की पिशवी काढल्यावर बाईचे असेच होते, सगळी गरमी डोक्यात जाते. सुनेच्या माहेरच्यांनी बाहेरचे काही असल्याचे सुचवले. सौंसर तालुक्यातच जामसावळीचे हनुमान मंदिर आहे, आडव्या मूर्तीचे. बाधा झालेली माणसे लांबून लांबून तिथे आणतात. मावशीलाही नेले. गोव्यातल्या वाचकांनी यावर हसू नये. आपल्याकडे देवळात कौल लावला असता, घाड्याला विचारले असते, आणि ‘म्हातारेक पिशें लागलें’ म्हणून वाड्यावर बोभाटा झाला असता, एवढाच फरक.

शेवटी माझ्या पत्नीने फोनवर हट्ट धरला म्हणून दुसऱ्या एका फिजिशियनला दाखवले. त्यांनी लघवी तपासली आणि रक्तातले सोडियम तपासले. लघवीत जंतुसंसर्ग होता, सोडियम बरेच उतरले होते. शिवाय लघवीची घाई कमी व्हावी म्हणून दिलेली एक गोळी त्यांनी बंद केली. आठवड्याभरात मावशी माणसे ओळखू लागली. मुंग्या गेल्या. हिशेब मात्र परतला नाही. तो यायला पुढे तीन-चार महिने लागले.

आता रागाकडे येतो. हे जे मावशीला झाले ते काही दुर्मीळ, अनाकलनीय, दैवी वगैरे नाही. वैद्यकाला ते सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. ऑक्सफर्डच्या बेडफर्ड नावाच्या डॉक्टरांनी १९५५ साली ‘लॅन्सेट’मध्ये म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूवर भुलेनंतर होणाऱ्या दुष्परिणामांवर लेख लिहिला, आणि त्याची सुरुवात नातेवाइकांच्याच तक्रारीतून झाली होती, की ऑपरेशनपासून आमचे माणूस पूर्वीसारखे राहिले नाही. १९९८ मध्ये त्याच नियतकालिकात मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. युरोप-अमेरिकेतल्या तेरा इस्पितळांतले साठीच्या पुढचे १२१८ रुग्ण, सगळ्यांची हृदय सोडून इतर मोठी ऑपरेशने झालेली. आठवड्यानंतर २५.८ टक्के लोकांची स्मरणशक्ती, लक्ष, विचाराचा वेग घसरलेला आढळला. तीन महिन्यांनी ९.९ टक्क्यांची. त्याच वयाच्या, ऑपरेशन न झालेल्या लोकांत हेच आकडे ३.४ आणि २.८ होते. म्हणजे चारातला एक! आणि हे वय नव्हे, कारण वय तर दोन्ही गटांचे सारखेच होते. मुलाने ‘वय झाले’ म्हटले तेव्हा हा कागद माझ्या हातात असता तर!

कोणाला जास्त होते, तेही त्या अभ्यासात आहे. पहिल्या आठवड्यातली घसरण जास्त वयाच्या, जास्त वेळ भूल दिलेल्या, ऑपरेशनानंतर जंतुसंसर्ग झालेल्या आणि कमी शिकलेल्या लोकांत अधिक. हे वाक्य पुन्हा वाचा आणि सौंसरच्या, काटोलच्या, पेडण्याच्या, सांग्याच्या सत्तरीतल्या बाया डोळ्यांपुढे आणा. शाळा नाही. वर्षानुवर्षे आजार अंगावर काढलेला. आणि ओटीपोटाचे ऑपरेशन, ज्यात लघवीची नळी असतेच आणि नळीबरोबर जंतू येतात. शिवाय शौचाला होत नाही, त्याची ती लाजेने वाच्यता करत नाही. जेवण तुटलेले, पाणी कमी प्यायलेली, कारण पाणी प्यायले की नर्सला हाक मारावी लागते. मूत्राशय शांत करणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी मेंदूतही शिरते आणि स्मरणाला लागणाऱ्या रसायनाला तिथे आडवी येते. झोपेची इंजेक्शने हेच करतात. यातली एकेक गोष्ट साधी आहे. म्हाताऱ्या मेंदूवर सगळ्या एकदम पडल्या की तो वाकतो.

‘भूल डोक्यात चढली’ म्हणणाऱ्यांचेही पूर्ण बरोबर नाही. सगळा दोष भुलेवर टाकला की पुढचे कोणाला काही करायला नको, म्हणून ते स्पष्टीकरण सर्वांनाच सोयीचे. कमरेतले इंजेक्शन दिले असते तर हे टळले असते, असे लोक छातीठोकपणे सांगतात. अमेरिका आणि कॅनडातल्या १६०० रुग्णांवर, खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनांत, हे पडताळून पाहिले गेले. २०२१ साली निष्कर्ष आला: कमरेतले इंजेक्शन असो की पूर्ण भूल, भ्रम होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच. मावशीला तर कमरेतलेच दिले होते.

आपल्या भाषेत याला एक शब्द होता, आणि तो आपण घालवला याचे मला फार वाईट वाटते. तापात माणूस बरळू लागला की जुनी माणसे म्हणत, ‘वात झालाय.’ सन्निपात म्हणत. वात झाला म्हणजे माणूस वेडा झाला नाही, म्हातारचळ लागला नाही. आत काहीतरी आजार आहे, तो उतरला की वात उतरेल, तोवर उशाशी बसा. केवढे शहाणपण होते त्या एका शब्दात! आता इस्पितळात इंग्रजी शब्द आहे, तो फायलीत राहतो. घरात ‘म्हातारचळ’ आहे, तो जन्माचा चिकटतो. मधला शब्द गेला आणि त्याच्याबरोबर उशाशी बसणेही गेले.

हे केवळ स्मरणरंजन नाही. उशाशी बसण्याचा उपयोग मोजून झाला आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या इस्पितळात सत्तरीच्या पुढच्या ८५२ रुग्णांवर एक प्रयोग झाला, १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो औषधोपचाराच्या वॉर्डातला, ऑपरेशनाच्या नव्हे. निम्म्यांना नेहमीची सेवा. उरलेल्यांना काय? कोणी येऊन त्यांना आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे सांगायचे, गप्पा मारायच्या; चष्मा आणि ऐकण्याचे यंत्र जवळ ठेवायचे; रात्री आवाज कमी, झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध; पाणी पाजायचे; उठवून चालवायचे. भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आले. ऑपरेशनानंतरचे पाहायचे असेल तर तैपेईचा २०१७ चा अभ्यास आहे. पासष्टीच्या पुढचे ३७७ रुग्ण, सगळ्यांची पोटाची मोठी ऑपरेशने. एका शिकवलेल्या नर्सने रोज येऊन तीन गोष्टी केल्या: बोलणे, तोंडाची स्वच्छता व खाण्यात मदत, आणि लवकर चालवणे. नेहमीच्या सेवेत भ्रम १५.१ टक्के, इथे ६.६. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही.

आणि आपल्या इस्पितळात काय होते? मावशीचा चष्मा ‘हरवेल’ म्हणून घरच्या पिशवीत. कवळी काढून रुमालात. नातेवाइकांनी गर्दी करू नये म्हणून रात्री एकजणच, तोही पुरुष म्हणून बायकांच्या वॉर्डाबाहेर. दिवा रात्रभर चालू. खिडकी नाही, म्हणून सकाळ कधी झाली ते कळत नाही. मेंदू गोंधळवायची कार्यशाळा भरवायची असती तर याहून वेगळे काय केले असते?

मला एक कबुली द्यायची आहे. जामसावळीला नेले म्हणून मी आधी फोनवर भांडलो होतो. पण नंतर पत्नीच्या बहिणीने तिथले सांगितले. तिथे मावशीला चष्मा लावून बसवले होते, सून एका बाजूला आणि बहीण दुसऱ्या बाजूला हात धरून, उघड्यावर, दिवसाउजेडी, सभोवती तिच्याच बोलीत बोलणाऱ्या बाया. घोटघोट पाणी पाजत होत्या. इस्पितळाच्या पाच दिवसांत जे मिळाले नाही ते तिला तिथे मिळाले. लघवीतले जंतू त्याने मरणार नव्हते, त्यासाठी औषधच लागले. पण येलच्या यादीतले निम्मे काम तिथे फुकट होत होते, आणि लाखाच्या घरात बिल करणाऱ्या जागी होत नव्हते, हे मला नाकारता येत नाही.

भाषेचा मुद्दाही आहेच. पुढे एकदा घराजवळच्या सरकारी शिबिरात मावशीची ‘बुद्धी’ तपासली गेली. प्रश्न हिंदीत: कौनसा महीना है, कौनसा जिला है. तिने जिल्हा ‘छिंदवाडा’ सांगितला, चूक धरली. अहो, सत्तर वर्षे तिचा जिल्हा छिंदवाडाच होता, तो सरकारने २०२३ मध्ये बदलला! महिना तिने ‘कार्तिक’ सांगितला, तीही चूक. मग एक वाक्य लिहायला सांगितले. जिने आयुष्यात पाटी धरली नाही तिला! न शिकलेल्या माणसांची बुद्धी अशी तपासता येत नाही हे आपल्याच देशात केव्हाच ओळखले गेले होते. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करून १९९५ साली निरक्षरांसाठी हिंदीत वेगळी चाचणी प्रसिद्ध झाली. म्हणजे वाट आहे. त्या वाटेने शिबिरापर्यंत कोणी आले नाही, आणि मराठी बोलणाऱ्या बाईला ती हिंदीतली वाटही आडवळणाचीच. तिला विचारायचे तर संत्र्याचा भाव विचारा, कोणत्या लेकीचे लग्न कोणत्या बहाराला झाले ते विचारा. आणि मुख्य म्हणजे ऑपरेशनाच्या आधी विचारून ठेवा. आधीचे मोजलेच नाही तर नंतर काय घटले ते कशावरून सांगणार?

एका ओळखीच्या डॉक्टरांपाशी हे सगळे बोललो तेव्हा ते चिडले. म्हणाले, तुमच्यासारख्यांनी हे लिहिले की बाया ऑपरेशनच करून घेणार नाहीत, अंग बाहेर घेऊन मरतील. आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट देतो.

पहिले म्हणजे, बाया आजही येत नाहीत, आणि ते माझ्या लिहिण्यामुळे नव्हे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या, १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. आधी कधीतरी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. सौंसरहून गडचिरोली फार दूर नाही, आणि १९८९ तर मावशीच्या ऐन तारुण्यातले. ती पन्नाशीत आली असती तर ते ऑपरेशन धडधाकट मेंदूवर झाले असते. बहात्तराव्या वर्षी, मूत्रपिंडाला ताप पोचल्यावर, ते झाले. मेंदूला बसलेल्या धक्क्यात त्या वीस वर्षांच्या लाजेचा वाटा किती, हे कोण मोजणार?

दुसरे, प्रत्येकीला सुरीच लागते असे नाही. आत बसवायचे रबरी कडे असते. म्हाताऱ्या बाईला ते पुष्कळदा पुरते, वेळोवेळी काढून स्वच्छ करावे लागते एवढेच. मावशीला ते कोणी दाखवलेसुद्धा नाही. कदाचित तिला ते लागू पडले नसते. पण विचारायला हवे होते.

आणि ऑपरेशनाविरुद्ध मी कशाला असेन? आपल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आठवा. गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या त्यांच्या टाक्याने जगभर नाव केले, ते आपण अभिमानाने सांगतो. पण अंग बाहेर येण्यावरच्या शस्त्रक्रिया सुधारण्यातही त्यांनी हयात घालवली, हे फारसे कोणी सांगत नाही. तो विषय सत्काराच्या भाषणात बसत नाही ना! शिरोडकर १९७१ मध्ये गेले. त्यांच्या विद्येचा लाभ मावशीला झालाच, ती आज दोन्ही हात मोकळे ठेवून चालते. ऑपरेशन हवेच. माझे म्हणणे एवढेच की खालचा अवयव दुरुस्त करताना वरच्याचीही चौकशी करा.

इथे एक वेगळी गोष्ट मिसळू नये म्हणून सांगतो. गरज नसताना तरुणपणीच पिशवी काढून टाकणे हा निराळा प्रकार, आणि तो उघड गुन्हा आहे. बीडच्या ऊसतोड कामगार बायांचे २०१९ मध्ये बाहेर आले. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. राजस्थान, बिहार, छत्तीसगडातल्या अशाच प्रकारांवरून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. त्यात पिशवीबरोबर बीजकोषही गेले असतील तर प्रश्न अधिकच बिकट. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा २००७ चा अभ्यास सांगतो की पाळी जाण्याआधी बीजकोष काढलेल्या स्त्रियांत पुढे म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचा व बुद्धी मंदावण्याचा धोका वाढलेला होता. म्हणजे आज बत्तिशीत जिच्यावर सुरी चालली, तिचे बिल तिच्या सत्तरीत येणार. आणि तेव्हाही आपण म्हणणार, साठी बुद्धी नाठी! मावशीचे ऑपरेशन मात्र गरजेचे होते. तिच्या बाबतीत चुकले ते आधीचे सांगणे आणि नंतरचे पाहणे.

सांगण्याबद्दल तर कायदाही आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. तोही ओटीपोटाच्याच ऑपरेशनाचा खटला. तपासणीसाठी म्हणून भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या बाईचे गर्भाशय आणि बीजकोष तिच्या आईची परवानगी घेऊन काढून टाकले होते. न्यायालय म्हणाले, संमती म्हणजे सही नव्हे. उपचार कोणता, पर्याय काय, मोठे धोके कोणते हे रुग्णाला सांगितले पाहिजे. आता सांगा, चारातल्या एकाला होणारी गोष्ट मोठा धोका नव्हे काय? मावशीच्या संमतीपत्रावर तिचा अंगठा आहे. मजकूर इंग्रजीत आहे. रक्तस्राव आहे, जंतुसंसर्ग आहे, मृत्यूसुद्धा आहे. मेंदूचा म उच्चारलेला नाही. ‘आजी, दोन-चार दिवस तुम्हाला भलतेसलते दिसेल, घाबरू नका, अन् दादा, तसे झाले तर लघवी तपासायला घेऊन या’ एवढे एक वाक्य मराठीत कोणी बोलले असते तर जामसावळीची फेरी, शेजाऱ्यांची कुजबुज आणि तीन आठवडे वाचले असते.

माझी मागणी म्हणूनच कारकुनी आहे. डिस्चार्ज कार्डावर एक रकाना छापा. ऑपरेशनाच्या आदल्या दिवशी आणि घरी पाठवताना, तिच्या भाषेत, चार प्रश्न विचारून भरायचा. टाके काढायच्या दिवशी पुन्हा. रिकामा राहिला तर बिल परत. बघा मग किती इस्पितळांना म्हाताऱ्या बायांच्या बुद्धीची काळजी वाटू लागते! फायली परत पाठवण्याची ताकद किती असते, हे आमच्या खात्यात आलेल्या कोणालाही विचारा.

मोजण्यावरून आठवले. मावशी तशी गप्प पडून होती त्याच दिवसांत पांढुर्ण्याची गोटमार आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा एका काठावरून, सावरगाव दुसऱ्या काठावरून, एकमेकांवर दगड फेकतात. जिल्हा प्रशासन दरवर्षी तयारी करते. डॉक्टरांची पथके काठावर तैनात, रुग्णवाहिका उभ्या, आणि दुसऱ्या दिवशी जखमींचा आकडा सगळ्या वर्तमानपत्रांत. हौसेने डोके फोडून घेणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते. मेहुणा फोनवर ते आकडे सांगत होता आणि मागून पत्नी विचारत होती, मावशीने आज कोणाला ओळखले का?

दिवाळीनंतर आम्ही गेलो होतो. आंबिया बहाराचा व्यापारी ओसरीवर बसला होता, मुलगा वही उघडून गेल्या सालची बाकी सांगत होता. बाजेवरून मावशी म्हणाली, ‘त्यातले चाळीस कॅरेट सांग ना, अजून पैसे नाही आले त्याचे.’ वही चाळली. चाळीस कॅरेट लिहायचे राहिले होते. व्यापारी हसला, म्हणाला, ‘जवाईबापू, म्हातारी सुधारली जी तुमची.’

किल्ल्या मात्र अजून सुनेच्या कमरेला आहेत. इस्पितळातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘कुठं सांडून ठेवील’ म्हणून काढून घेतल्या होत्या, त्यात वाईट हेतू नव्हता. निघताना पत्नीने विषय काढला. सून म्हणाली, ‘ताई, देऊन देतो ना. पन पुन्हा चक्रावली तर?’ मावशी चुलीपाशी होती, तिने ऐकले असणार. आमची गाडी नागपूरहून होती, उशीर होत होता.